टेबलावरची रणभूमी: आधी काम, मग सामान

छोट्या सैनिकांच्या पलटणी, फासे, मोजपट्टी आणि नियमांचं पुस्तक एवढ्यावर टेबलावरचा युद्धखेळ, म्हणजे वॉरगेम, उभा राहतो असं बाहेरून वाटतं. नवखा खेळाडू मात्र अडतो तो जमिनीपाशी. सैनिक चार-चार करत जमवता येतात, सवडीने रंगवता येतात. पण टेकड्या, ओढे, गावं, झाडी आणि हे सगळं पेलणारं सहा बाय चार फुटांचं टेबल यांचा हिशेब एकदम समोर येतो. तयार मालाच्या किमती पाहिल्या की बरेच जण जेवणाच्या टेबलावर दोन-चार पुस्तकं मांडून वेळ भागवतात, काही जण खेळच सोडतात. त्यांना जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा स्वस्त साहित्याचा असतो: थर्माकोल आणा, खोकी जपून ठेवा, वाळू आणि गोंद वापरा. सल्ला खरा आहे, पण तो दुसऱ्या पायरीचा आहे. पहिली पायरी ही, की या जमिनीने खेळात काम काय करायचं आहे? ते न ठरवता सामान गोळा केलं तर स्वस्त सामानाचाही ढीग महागात पडतो. ते ठरलं की लागणारं सामान इतकं कमी निघतं की पैशाचा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो. या खेळाचा जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

ब्रुन्सविकच्या योहान हेल्विग याने १७८० साली आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यातल्या घरांना रंग दिले: एका रंगाचं घर म्हणजे सपाट जमीन, दुसऱ्याचं दलदल, तिसऱ्याचं पाणी, चौथ्याचं डोंगर. उंचवटा नाही, झाड नाही, तरी घोडदळ कुठे जाईल आणि तोफा कुठे अडतील हे पटावर दिसत होतं. पुढे प्रशियात थोरल्या राइसवित्झने १८१२ साली राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याच्यासाठी एक देखणं, कपाटासारखं टेबल बनवलं. रंगवलेल्या उठावदार भूभागाचे सुटे तुकडे हवे तसे जुळवून त्यावर वाटेल तो मुलूख रचता येई. राजाला ते आवडलं आणि ते राजवाड्यातच राहिलं. खेळ सैन्यात पसरला तो राइसवित्झच्या मुलाने १८२४ साली आणलेल्या आवृत्तीमुळे, आणि या मुलाने टेबलच काढून टाकलं होतं. त्याचे ठोकळे १:८००० प्रमाणाच्या नकाशावर हलत. सेनाप्रमुख म्युफलिंगला त्यातला उपयोग दिसला, कारण कुठून काय दिसतं, कुठे वेग मंदावतो, कुठे ओलांडता येतं ही सगळी माहिती कागदावरच्या रेषांत शाबूत होती. वजन आणि खर्च मात्र गेले होते. पहिल्या टेबलावर जे होतं त्यापैकी खेळाला लागणारं काहीही हरवलं नाही, हा या बापलेकांच्या कामातून मिळणारा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

तोच पुरावा पुढेही सापडत राहतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२च्या हिवाळ्यात दाव्होसमध्ये सावत्र मुलाबरोबर जे युद्ध खेळत असे, त्याचा मुलूख माळ्याच्या फरशीवर रंगीत खडूने काढलेला होता. डोंगर, नद्या, पूल आणि दोन प्रतींचे रस्ते त्यात होते. एच. जी. वेल्सच्या १९१३च्या ‘लिटल वॉर्स’मधली भूमी लाकडी ठोकळे, फळ्या आणि बागेतल्या झुडपांच्या डहाळ्या यांची होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सच्या हाताखाली सुरू झालेल्या विभागाने अटलांटिक महासागर लिनोलियमच्या फरशीवर आखला, पडद्यांना भोकं पाडून अधिकाऱ्यांना तेवढंच दिसेल अशी सोय केली, आणि पाणबुड्यांशी लढायचे डावपेच त्यावरच तपासले. तिथे भूरचनेचा सगळा भार एका पडद्यावर होता, कारण त्या युद्धातली कळीची गोष्ट होती कोणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा इथे गॅरी गायगॅक्सच्या तळघरात वाळूचं टेबल होतं. १९७१चा ‘चेनमेल’ आणि पुढे १९७४चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ज्या मंडळींतून निघाले, त्यांतली बरीच त्याच वाळूवर खेळत होती. मोठे शोध जवळजवळ प्रत्येक वेळी साध्या जमिनीवर लागले आहेत, ही बाब खेळणाऱ्याने मनावर घ्यावी अशी आहे.

उलट टोकाचं उदाहरणही आहे, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. ब्रिटिश लेफ्टनंट विल्यम सायबॉर्नला १८३० साली वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो रणांगणावरच एका शेतघरात आठ महिने राहिला, जमिनीची मोजणी केली, लढाईतल्या अधिकाऱ्यांकडून पत्रं मागवली. १८३८ साली लंडनमध्ये मांडलेली त्याची प्रतिकृती साधारण अठरा बाय वीस फुटांची होती आणि तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक इवले सैनिक उभे होते. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, आणि इतिहासाचा दस्तऐवज म्हणून तिचं मोल मोठं आहे. पण ती उभी करताना सायबॉर्न कर्जात बुडाला. सगळंच हुबेहूब करायचं असं एकदा ठरवलं की कुठे थांबायचं याला उत्तर राहत नाही. प्रत्येक कुंपण खरं झालं की शेजारचं खोटं कुंपण डोळ्यात खुपतं. खेळणाऱ्याची जमीन प्रतिकृतीच्या वाटेला लागली की तिचा खर्च याच कारणाने वाढत जातो. शिवाय सायबॉर्नची प्रतिकृती एकाच लढाईच्या एकाच संध्याकाळची आहे. खेळाच्या टेबलाला दर आठवड्याला वेगळा मुलूख व्हायचं असतं.

हुबेहूबपणाचा आग्रह या खेळात मुळातच टिकत नाही, हे आकडेमोडीनेही दाखवता येतं. सर्वांत प्रचलित २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे ढोबळमानाने १:५६ प्रमाण. नेपोलियनच्या काळातल्या बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभर यार्डांच्या आसपास धरला, तर या प्रमाणात तो टेबलावर सव्वापाच फूट भरतो. चार फूट रुंद टेबलाच्या एका कडेवरून झाडलेली गोळी मग दुसऱ्या कडेच्या पलीकडे जाईल. म्हणून नियम तो पल्ला फूट-दीड फुटावर आणतात. याचा अर्थ सैनिक एका प्रमाणात उभा असतो आणि जमीन त्याच्या कित्येक पट लहान प्रमाणात पसरलेली असते. सैनिकाच्या मापाचं एक घर जमिनीच्या मापाने पाहिलं तर अख्ख्या आळीएवढी जागा खातं. त्यामुळे टेबलावरचं घर हे गावाचं चिन्ह असतं, तीन झाडं हे रानाचं चिन्ह असतं. चिन्ह ओळखू येणं आणि त्याची हद्द स्पष्ट असणं, एवढंच खेळाला हवं असतं. कौलं मोजून बसवलेलं घर सुंदर दिसेल, पण ते अधिक खरं नसतं.

या विचाराची परीक्षा एखाद्या खऱ्या लढाईवर घ्यायला हवी, आणि त्यासाठी असईइतकी चांगली लढाई मिळणं अवघड आहे. इंग्रज खेळाडू तिच्यावर आवडीने टेबलं मांडतात आणि ती झाली आजच्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची छोटी फौज केळणा नदीच्या दक्षिणेला होती. पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य, त्यात पोहलमनच्या हुकमतीखालच्या शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि मोठा तोफखाना. केळणा आणि जुई या दोन नद्या जवळ येत जातात, त्यांच्या बेचक्यात हे सैन्य उभं होतं. वाटाडे म्हणाले की नदी ओलांडायला जवळपास उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि गावं समोरासमोर आहेत त्या अर्थी मध्ये ये-जा असणार, असा तर्क त्याने केला. उतार निघाला. फौज बेचक्यात शिरली तेव्हा पोहलमनने आपली ओळ काटकोनात फिरवली: एक टोक केळणेवर, दुसरं असई गावावर. बेचकं अरुंद असल्यामुळे मराठी फौजेला आपलं संख्याबळ पसरवता आलं नाही. दुसरीकडे, इंग्रजांची उजवी बाजू हुकूम चुकीचा समजून असईच्या दिशेने सरकत गेली आणि गावातल्या आणि गावालगतच्या तोफांनी ७४व्या हायलँडर पलटणीची दैना केली. दिवस अखेर वेलस्लीचा ठरला, पण त्याने मैदानात उतरवलेल्या फौजेपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मेलेला किंवा जखमी होता.

आता या लढाईत जमिनीने कोणकोणती कामं केली ते पाहू. दोन नद्यांनी मैदानाचे भाग पाडले आणि ओळीची लांबी ठरवली. एका उताराने कुठून शिरता येईल ते ठरवलं. एका गावाने आडोसा दिला आणि एक टोक पक्कं केलं. बाकी जमीन उघडी होती, आणि ती उघडी असणं हेसुद्धा तोफांसाठी महत्त्वाचं होतं. म्हणजे असईच्या टेबलाला पाण्याच्या दोन पट्ट्या, त्यातल्या एकीवर वेगळ्या रंगाने दाखवलेला उतार, उतारापाशी समोरासमोर एकेक घर आणि मातीच्या भिंतींनी वेढलेलं असई एवढं लागतं. सप्टेंबरअखेरचा हिरवट-तपकिरी रंग कापडाला दिला की झालं. एवढ्या सामानासाठी कोणाला दुकानात जावं लागेल असं वाटत नाही. याउलट कोणी महागड्या टेकड्यांचा संच आणि घनदाट जंगल मांडून असई खेळायला बसला, तर तो असई खेळतच नाही. खर्च वाढला आणि लढाई हरवली, असं तिथे होतं.

नजर अडवणं, चाल मंदावणं, आडोसा देणं आणि मैदानाचे भाग पाडणं: जमिनीच्या कामाची यादी एवढ्यातच संपते. तिच्याकडे पाहून टेबलाचा आकार ठरवला की पहिली मोठी बचत होते. सहा बाय चार फूट ही मापं पवित्र नाहीत. १९९० साली आलेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नियमांत बारा तुकड्यांची फौज आणि १५ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी सुमारे दोन फूट चौरस मैदान पुरत होतं. नील थॉमसचं २०१४चं ‘वन-अवर वॉरगेम्स’ तीन फूट चौरसात तीस वेगवेगळ्या लढाया मांडून दाखवतं. आणि गेम्स वर्कशॉप या कंपनीने २०२० साली ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या नव्या आवृत्तीत नेहमीच्या आकाराच्या खेळाचं किमान माप ४४ बाय ६० इंचांवर आणलं. सहा बाय चार म्हणजे चोवीस चौरस फूट, तीन बाय तीन म्हणजे नऊ. क्षेत्रफळ इतकं घटलं की त्यावर ठेवायच्या वस्तूही त्याच प्रमाणात घटतात. रुंदी चार फुटांच्या वर नेऊ नये याचं कारण तर शरीराचं आहे: कडेला उभं राहून माणसाचा हात दोन-अडीच फुटांपलीकडे नीट पोचत नाही, आणि वाकलेल्या बाहीने पलटणी आडव्या होतात.

मोठं टेबल हवंच असेल तर बाजारात मिळणारी आठ बाय चार फुटांची हार्डबोर्डची किंवा पातळ प्लायची शीट घ्यावी आणि दुकानातच तिचे दोन फूट चौरस असे आठ तुकडे करून घ्यावेत. सहा तुकड्यांचं सहा बाय चारचं मैदान होतं, दोन उरतात. उरलेल्या दोनांवर नदीचं वळण आणि रस्त्यांचा चौक काढला की ते अदलाबदलीला येतात. खाली पाय हवेत, पण ते घरातल्या कोणत्याही टेबलाचे चालतात. थोरल्या राइसवित्झच्या राजेशाही टेबलातली कल्पना, सुटे जुळवायचे तुकडे, अशा रीतीने सुताराच्या एका कापणीत हाती येते. मैदानाचा किती भाग वस्तूंनी व्यापावा यावर मतभेद आहेत. वॉरहॅमरच्या जुन्या आवृत्त्या साधारण पाव भाग सुचवत, आणि सुरुवातीला तो आकडा धरायला हरकत नाही. सहा बाय चारचा पाव म्हणजे सहा चौरस फूट. फूटभर लांब आणि सहा इंच रुंद अशा बारा वस्तू केल्या की ते भरतं. बारा हा आकडा डोळ्यांसमोर असला की काम आवाक्यात येतं. ‘टेरेन’, म्हणजे भूरचना, करायची आहे एवढंच मनात असेल तर ते कधी संपत नाही.

वस्तूंपैकी टेकडीवर सर्वांत जास्त वेळ वाया जातो, कारण लोक तिला नैसर्गिक उतार द्यायला जातात. उतारावर सैनिक घसरतात, आणि टेकडी नेमकी कुठे सुरू झाली यावर वाद होतो. पायऱ्यांची टेकडी, म्हणजे एकावर एक चढत लहान होत जाणारे थर, खेळाला दोन्ही दृष्टींनी सोयीची: प्रत्येक पायरीवर सैनिक सरळ उभा राहतो आणि उंची मोजायला पायऱ्या मोजल्या की पुरतं. इंग्लंडच्या मऊ टेकड्या दाखवायच्या असतील तर ती पायरी थोडी कृत्रिम वाटते हे मान्य. सह्याद्रीच्या मुलुखात मात्र तीच खरी. बेसॉल्टचे थरावर थर साचून झालेला हा डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचाच दिसतो, कड्याखाली सपाटी, सपाटीखाली पुन्हा कडा. १६६०च्या पावनखिंडीचं टेबल करायचं असेल तर अशा दोन पायरीदार अंगांमध्ये एक चिंचोळी वाट ठेवली की त्या लढाईची सगळी भूमिका जमिनीने वठवलीच. तिथे झाडं नसली तरी चालेल, वाट मात्र इतकी अरुंद हवी की एका वेळी एकच तुकडी भिडू शकेल.

साहित्यात पाश्चात्त्य पुस्तकं फोमच्या शीटवर भर देतात. महाराष्ट्रात इथे एक खरी अडचण आहे: मार्च २०१८च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंसोबत सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली, आणि गणपतीच्या मखरांतून तो हटला. माझ्या मते टेबलाचं त्यात फारसं नुकसान नाही. थर्माकोल कापताना दाणे उडतात, तापलेल्या तारेने कापला तर धूर नाकात जातो, स्प्रे रंग थेट मारला तर त्यातल्या द्रावकाने तो विरघळतो, आणि वरून काही पडलं की खळगा होतो. नालीदार पुठ्ठ्याचे थर फेविकॉलने चिकटवून, वर वजन ठेवून रात्रभर वाळवले तर टेकडी त्याहून टणक होते. कडेला दिसणाऱ्या नाल्या कागदाच्या लगद्याने किंवा रंगाऱ्याच्या लांबीने बुजवाव्या लागतात, एवढंच जास्तीचं काम. पुठ्ठा असो की हार्डबोर्ड, एका बाजूला ओला गोंद लावला की वाळताना ती बाजू आकसते आणि तुकडा वाकतो; मागच्या बाजूलाही पातळ गोंदाचा किंवा रंगाचा हात दिला तर ताण सारखा होतो. नवख्यांची निम्मी निराशा या एका वाकण्यातून येते, आणि तिला औषध इतकं साधं आहे म्हणून ते ठासून सांगायला हवं.

बाकीच्या वस्तू स्वयंपाकघरातून आणि अडगळीतून निघतात. काथ्याचं पायपुसणं कापून त्याच्या पट्ट्या केल्या की पिकाचं शेत होतं. पट्ट्या सुट्या ठेवायच्या, म्हणजे पलटण शेतात शिरली की एक उचलून तिला जागा देता येते. हिरव्या घासणीच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या म्हणजे कुंपण. घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीचे तुकडे हिरवे करून काडीवर बसवले तर झाड. झाडी करताना झाडं तळाला पक्की चिकटवू नयेत, नाहीतर रानात शिरलेली तुकडी उभी राहायला जागाच उरत नाही. रानाची हद्द दाखवणारा कापडाचा तुकडा आणि त्यावर हलवता येणारी चार झाडं हे जास्त उपयोगी. रस्त्याला पॉलिशपेपरच्या पट्ट्या, गावकुसाला पुठ्ठ्यावर लांबी आणि माती. सुताराकडचा बारीक भुसा चाळून, रंगाच्या पाण्यात भिजवून वाळवला की गवत. दोन-तीन छटा मिसळाव्यात, एकच हिरवा रंग प्लॅस्टिकसारखा दिसतो. नदीला निळा रंग देऊ नये. आपल्या नद्या पावसाळ्यात गढूळ आणि एरवी शेवाळी असतात. तपकिरी-हिरव्यावर फेविकॉलचे किंवा वॉर्निशचे दोन हात चढवले की ओली चमक येते.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण दिवाळीच्या किल्ल्याची परंपरा हीच कला शिकवते. विटा-दगडांचा सांगाडा, त्यावर मातीच्या राबडीत बुडवलेलं गोणपाट, वर अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेलं गवत आणि कुंभाराकडचे मावळे, ही रीत जगात इतरत्र टेरेन करणाऱ्यांना सहज समजेल. प्लास्टरमध्ये बुडवलेल्या कापडाने डोंगर करायची रेल्वे मॉडेलवाल्यांची पद्धत हीच आहे. फरक हेतूचा आहे. दिवाळीचा किल्ला समोरून बघायचा असतो, चार-सहा दिवस टिकायचा असतो आणि त्यावर कोणी चाल करायची नसते. म्हणून तिथे उतार चालतो, वजन चालतं, महाराज बुरुजाएवढे असले तरी शोभतात. हातातलं कौशल्य तेच ठेवून त्याला हलकं, पायरीदार आणि उचलून ठेवता येण्याजोगं करणं एवढाच बदल टेबलासाठी लागतो. ही कला आधीच घराघरांत असलेल्या समाजाला परदेशी दुकानाच्या किमतींनी घाबरायचं काहीच कारण नाही, असं मला मनापासून वाटतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सौंदर्याचा आहे. लोक या खेळाकडे ओढले जातात ते देखणी टेबलं पाहून. यॉर्कशायरमध्ये पीटर गिल्डरने वॉरगेम्स हॉलिडे सेंटरमध्ये उभारलेल्या प्रचंड मैदानांनी एका पिढीला वेड लावलं, १९७७पासून निघणाऱ्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकातल्या छायाचित्रांनी दुसऱ्या. फक्त काम करणारी जमीन मांडायची तर बुद्धिबळ काय वाईट, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देखणेपणा कशातून येतो यात आहे. अशा टेबलांकडे नीट पाहिलं तर एकेक वस्तू फार बारकाईची नसते. सगळ्या वस्तू एकाच मातीतून उगवल्यासारख्या दिसतात. सैनिकांच्या तळाला जी वाळू आणि जो रंग, तोच टेकडीला, तोच घराच्या पायाला, तोच रस्त्याच्या कडेला असला की डोळा सगळं एक मुलूख म्हणून स्वीकारतो. ही एकरूपता विकत मिळत नाही, उलट वेगवेगळ्या कंपन्यांचं तयार सामान आणलं की ती मोडते. आणि ती स्वस्त आहे: भिंतीचा इमल्शन रंग एका गडद तपकिरी छटेत लिटरभर मिसळून घ्यायचा, सगळं त्याने झाकायचं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट मातकट रंग फक्त उंचवट्यांवर घासायचा. छंदाच्या दुकानातली सिटाडेलची रंगाची कुपी बारा मिलिलिटरची असते. ती सैनिकाच्या चेहऱ्यासाठी ठीक, डोंगरासाठी तिचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो अर्धा मान्य करायला हवा. घरी केलेलं फुकट नसतं, त्यात सुट्ट्या जातात. कमानी, जाळीच्या खिडक्या, मोडक्या चर्चचे मनोरे अशा वस्तू हाताने कोरत बसण्यापेक्षा लेझरने कापलेले एमडीएफचे संच किंवा थ्रीडी प्रिंट घेणं शहाणपणाचं. गटाने मिळून एक प्रिंटर वापरला तर तो परवडतोही. मात्र प्रिंटरची ताकद बारकाव्यात आहे आणि जमिनीचं बहुतेक काम क्षेत्रफळाचं आहे. टेकडी, शेत, नदी, रान यांत बारकावा नसतो, पसारा असतो. आणि पसाऱ्याच्या बाबतीत पुठ्ठा आणि कापड यांना अजून तोड नाही. एका जागी पैसे घालायचेच असतील तर मी ते अंथरायच्या जाड कापडावर घालीन, कारण पुस्तकांवर कापड पसरलं की टेकड्या होतात, आणि एकाच कापडाने प्रत्येक खेळाचा निम्मा पसारा झाकला जातो.

स्पर्धा खेळणाऱ्यांचा आक्षेप वेगळा: दोघांना सारखी जमीन हवी, घरगुती वस्तू आडव्यातिडव्या असतात, न्याय होत नाही. पण त्यांच्याच टेबलांकडे पाहावं. आजच्या स्पर्धांमध्ये सर्वत्र दिसते ती काटकोनी पडक्या भिंतींची जोडी, कारण नजर अडवण्याचं काम तिच्याइतकं स्वच्छ दुसरं काहीच करत नाही. ती पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोपराच आहे. चांगल्या स्टीलपट्टीने मापून एकाच साच्यावरून आठ कापल्या तर त्या एकमेकींशी तयार मालाइतक्याच जुळतात. जिथे सर्वांत कडक न्याय लागतो, तिथेच जमीन सर्वांत साधी झाली आहे.

राहता राहिली ठेवायची जागा, आणि शहरी घरांत खरी टंचाई पैशाहून तिची असते. म्हणून कोणतीही वस्तू करण्याआधी तिला किती लढायांत उतरवता येईल हे विचारावं. असईसाठी केलेलं सामान घेऊन त्याच मोहिमेत पुढे चालत गेलो, तर २९ नोव्हेंबर १८०३ची अकोला जिल्ह्यातली अडगावची लढाई नव्या वस्तूशिवाय होते: नद्या काढून टाकायच्या, दोन गावं ठेवायची, काथ्याची पिकं वाढवायची. त्यानंतरच्या गाविलगडावर मात्र जुनं सामान पुरत नाही. १५ डिसेंबर १८०३ला इंग्रज बाहेरच्या किल्ल्याच्या उत्तर तटाला तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आत शिरले, मग आतल्या किल्ल्यापर्यंतची घळ त्यांच्या आड आली, आणि कॅप्टन कॅम्पबेलच्या ९४व्या पलटणीच्या हलक्या तुकडीने शिड्या लावून आतला तट चढून दरवाजा उघडला. इथे एक मोठी वस्तू करणं भाग आहे: खिंडार पडलेला तट, घळ आणि शिडी लागेल इतका उंच आतला तट, दोन फुटांच्या दोन तुकड्यांवर. दिवाळीत किल्ला करणाऱ्या हातांना हे काम सोपं जाईल. तिन्ही बाजूंचे कडे करायची गरज नाही. टेबलाची कड जिथे संपते तिथेच तो कडा आहे, आणि त्या बाजूने चढायचा प्रयत्न खेळात कोणी करणार नाही.